वरची पिन

लग्न होऊन मी अमरावतीच्या ज्या घरात आले, त्या घराच्या पुढच्या खोलीत पलंग नव्हता की खुर्च्या नव्हत्या. तिथे मामाजींचं टेबल होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे साताऱ्याला मामंजी म्हणतात, इथे मामाजी. तेवढा एक शब्द ओळखीचा निघाला म्हणून पहिल्या दिवशी मला धीर आला होता. टेबल खिडकीला लावलेलं, त्यावर पांढरा कागद पसरलेला, कागदावर चिमटे, स्पिरिटची बाटली, धार लावायचा गुळगुळीत दगड आणि डोळ्याला लावायचं भिंग. मामाजी मूळचे घड्याळजी. सेलवर चालणारी घड्याळं आली आणि दुरुस्तीला कोणी येईना, तेव्हा एका ओळखीच्या माणसाने टिंबाटिंबांनी छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं बंद पडलेलं हेड त्यांच्यापुढे आणून ठेवलं. त्यांनी ते उघडलं, भिंगातून पाहिलं आणि "यातबी माणिक हाय" एवढंच म्हणाले. घड्याळात चाकाच्या टोकाखाली जसा माणकाचा खडा असतो, तसा त्या हेडाच्या नाकाला होता. तेवढ्या ओळखीवर त्यांनी धंदा बदलला. मी आले तोवर अमरावती, अकोला, परतवाडा, धामणगाव इथल्या अडत्यांची, ट्रान्सपोर्टवाल्यांची, जिनिंगवाल्यांची हेडं आमच्या घरी डब्यांत गुंडाळून यायला लागली होती.

मी आठवीतून शाळा सोडलेली. आईने अंथरूण धरलं होतं, पाठची भावंडं लहान होती. कोणी शाळा सोड असं म्हणालं नाही. एका सोमवारी गेले नाही, मग पुढे गेलेच नाही. आमचं खेडं कोरेगावच्या बाजूचं. बडनेऱ्याला रेल्वेत असलेल्या लांबच्या मामांनी हे स्थळ आणलं तेव्हा पोरीला इतक्या लांब देतात का, असं सगळी आळी म्हणाली. अमरावती कुठे हे मला धड ठाऊक नव्हतं. नकाशात उजव्या अंगाला, एवढंच. इथे आल्यावर कळलं की इथल्या बायकांच्या लेखी नागपूर सोडून बाकी सगळा मुलूख म्हणजे पुणं. शेजारणी मला पुनेवाली म्हणायच्या. मी पुणं पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आमची गाडी तिथून गेली तेव्हा मी पदरात तोंड घालून रडत होते.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आवाज एवढा मोठा, की भाजीवाला कोपऱ्यावरूनच "आलो माय, आलो" म्हणायचा. मी ताटावर बसले की त्या समोर उभ्या. "काहून वं, जेवत काहून नाई? आमी का जहर घातलं तुले?" मी घास ताटातच चिवडत बसायची. आमच्याकडे असं बोलणं म्हणजे भांडण. इथे ती माया होती, हे कळायला मला फार दिवस लागले. बायका "मी येतो, मी जातो" म्हणायच्या, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की दाराआड कोणी पुरुष आहे. आणि जेवण. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, रविवारी गोळ्यांची कढी, हे सगळं मला आवडायला लागलं. पण जवसाचं तेल काही सोसेना. आम्ही शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली माणसं. इथे घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल चटणीवर कच्चं ओतायचे, ठेच्यात घालायचे, आत्याबाई तर उरलेलं हाताला चोळायच्या. त्या रानवट वासाने माझ्या पोटात ढवळायचं आणि मी ते लपवायची. घरात दुसऱ्या कोणाला तो वास येतच नव्हता. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो?

माझे यजमान, म्हणजे हे, एस.टी.त कंडक्टर. ड्यूटी अकोल्याची, मुक्काम बहुतेक तिकडेच. घरात आम्ही तिघंच. मी सतत घाबरलेली असायची. भाकरी जाड झाली तर, भांडं हातातून सटकलं तर, मला परत पाठवलं तर. परत पाठवण्याची भाषा कोणी चुकूनही काढली नव्हती, पण माझं मन ती रोज काढायचं. पुढच्या खोलीत झाडायला गेले की मात्र ते गप्प व्हायचं. तिथे कोणी मोठ्याने बोलत नसे. मामाजी काम करताना फक्त नाकाने श्वास घ्यायचे, आणि टेस्टला लावलेला जुना प्रिंटर मधूनच कर्रकर्र करून एक ओळ छापायचा.

त्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी सरगुंडे करायला घेतले. मळलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती काडीभोवती अंगाला अंग लावून गुंडाळायची, आणि काडी हळूच ओढून घ्यायची. ते वाळवून ठेवतात आणि पाहुणा आला की शिजवून आंबरसाबरोबर वाढतात. मी जन्मात पाहिले नव्हते, पण हाताला जमले. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. "पुनेवालीचे सरगुंडे पाय वं, सारे एकासारखे!" आत्याबाई म्हणाल्या, "हात बरा हाय तिचा. तोंडच तेवढं उघडत नाई." मामाजी ओसरीतून जात होते. थांबले, एक सरगुंडा उचलून उजेडात धरला, आतून आरपार पाहिलं आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी झाडत असताना म्हणाले, "केरसुनी ठेव. इकडे ये. पाय."

त्यांनी एक उघडलेलं हेड माझ्यासमोर सरकवलं. "मांगे ह्या नऊ कॉइल. गोल बसल्या, पंगतीसारख्या. एकेकीसमोर एकेक पट्टी. कॉइलमंदी करंट आला का ते पट्टीले ओढते, पट्टी पिनेले मांगून टोला देते. पिन नाकातून बाहेर, रिबनीवर टिंब मारते, आन स्प्रिंग तिले वापस घरात आनते."

"एवढंच?" मी विचारलं. या घरात मी आपणहून बोललेला तो बहुधा पहिला शब्द असेल.

"एवढंच. पन जानं सोपं हाय पोरी. टोला मारला का कोनीबी जाते. वेळेवर वापस येनं, सारी कारागिरी त्यात हाय. पिन बाहेर राहिली आन हेड पुढं सरकलं, तं ते रिबनीत अटकते आन तुटते."

पिना केसापेक्षा थोड्या जाड, पण टंगस्टनच्या, कडक. मागे नऊही गोलात असतात आणि पुढे नाकाशी एकाखाली एक अशा उभ्या रांगेत येतात. गोलातून रांगेत यायचं म्हणजे कोणाला तरी वळावं लागणार. मधल्या पिना जवळपास सरळ जातात. वरची आणि खालची सगळ्यात जास्त वाकतात. वाकलेली पिन वाटेतल्या भोकांना घासत येते, म्हणून तिला परत यायला कष्ट पडतात. ते वळण जास्त झालं तर पिन अडकते, कमी झालं तर भोकच सापडत नाही. शेवटी दगडावर घासून सगळ्यांची टोकं सारखी करायची. नवी पिन शेजारणींपेक्षा जरा जरी लांब राहिली तरी रिबनीला भोक पाडते. हे सगळं मी त्या पावसाळ्यात शिकले, तेही कामं आटोपल्यावर, आत्याबाई पडल्या की. शाळेत मला काही समजलं आहे असं कधी वाटलं नव्हतं. इथे समजत होतं.

आता डोळ्याला मामाजींचंच भिंग लावून मी हे सांगते तेव्हा समोरच्याला वाटतं, असले प्रिंटर अजून आहेत कुठे? आहेत. तीन प्रतींचा कागद एका टोल्यात छापायचा असेल तर दुसरं काही चालत नाही. शाईच्या फवाऱ्याने खालच्या कार्बनवर काय उमटणार? तिथे टोलाच लागतो. ट्रान्सपोर्टवाले आजही डबे घेऊन येतात.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला आणि अकोल्याच्या एका जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, हेड आलं. वरची पिन तुटलेली. ते हेड त्यांच्या वजनकाट्यावरचं. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजनाची पावती निघायची, तीन प्रतींत. वरची पिन गेली की प्रत्येक आकड्याचा माथा उडतो. इंग्रजी सातावरची आडवी रेघ गेली की सात एकासारखा दिसतो. काट्यावर शेतकऱ्यांनी एकच गोंधळ घातला होता. मामाजींनी पिन बदलली, ह्यांनी तिकिटांच्या पेटीशेजारी ठेवून हेड नेऊन दिलं. थोड्याच दिवसांत ते परत आलं. वरचीच पिन. मामाजींनी पुन्हा बदलली, वळण पुन्हा मोजून दिलं. पुन्हा आलं. वरचीच.

दुरुस्त केलेलं हेड परत येणं आमच्या घराला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा आलं त्या दिवशी हे जेवता जेवता म्हणाले, "मुनीम म्हनत होता, बुवाचा हात गेला काय? आता नागपूरले देतो म्हने." बोलून गेल्यावर ह्यांच्या लक्षात आलं की मामाजी दारातच उभे आहेत. ते आत आले. हात धुतले, पाटावर बसले, भाकरी मोडली. मग म्हणाले, "आखरी डाव. अखीन वापस आलं तं टेबल उचलतो. लोकाईचं काम बिगडवन्यापेक्षा बंद केलेलं बरं."

"उचला ना," आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "पलंग टाकू तिथं. मानसं बसतीन तरी." आणि चुलीकडे तोंड करून, जाळ नसताना, बराच वेळ फुंकत राहिल्या.

मला मात्र ठाऊक होतं. चहाची बशी मामाजींच्या हातात किणकिणायची. आधी मला वाटायचं चहा गरम असेल. ते चिमटा धरताना कोपर टेबलाला टेकवायला लागले होते, मग मनगटही.  सासऱ्याच्या हाताबद्दल सुनेने काय बोलावं? पण ते टेबल उचललं गेलं तर या घरात मी कुठे उभी राहीन, हा विचार करून त्या रात्री मला ताप आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी वरची पिन घालायला बसले. पिन मागच्या भोकात गेली, मधल्या मार्गात गेली, आणि नाकाशी येऊन माणकाच्या भोकाच्या आजूबाजूला टोचत राहिली. मग चिमट्यातून निसटून फरशीवर पडली. मी ओल्या बोटाने टिपून दिली. पुन्हा पडली. त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं, खुर्चीवरून उठले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घाल."

"मामाजी, मी..."

"घाल म्हनलं नं."

मी बसले. श्वास धरला तर हात जास्त हलतो, हे त्यांना पाहूनच शिकले होते, म्हणून त्यांच्यासारखा नाकाने सोडत राहिले. सरगुंड्याची काडी ओढताना जसं नुसतं बोटाच्या पेराला कळतं तसं कळलं. पिन माणकातून बाहेर आली. दगडावर टोकं मी घासली, त्यांनी अंगठ्याचं पेर फिरवून तपासली. "अखीन थोडं," म्हणाले. मग "बस." तेवढंच.

हेड बसवायला आपण स्वतः अकोल्याला जायचं असं त्यांनी ठरवलं, आणि मला घेऊन. आत्याबाई उंबऱ्यात आडव्या आल्या. "सुनेले घेऊन जिनिंगात जाता? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, सुनेनं अवजाराची थैली उचलली," मामाजी म्हणाले आणि चपला घातल्या.

बडनेरा, मूर्तिजापूर करत गाडी अकोल्याला गेली. मामाजी वाटभर हेडाचा डबा मांडीवर धरून बसले. जिनिंगच्या फाटकातून आत शिरलं की हवेतच रुई. आत गेलेल्या माणसाच्या भुवया पांढऱ्या, चहाच्या कपावर तरंगते तंतू, काट्याच्या केबिनमधल्या पंख्याला लोंबणाऱ्या रुईच्या दाढ्या. काट्यावर बाबाराव नावाचा माणूस होता, गोल, हसरा, पानाने लाल तोंड. मुनीम उभाच होता.

"या बुवा. यावेळेस तरी टिकते का फक्त अकोला पाहाले आले?"

मामाजींनी डबा उघडला. मी स्क्रू दिले, त्यांनी बसवले. कागद तीनपदरी, म्हणून शेजारची कळ सरकवून हेड नि रोलरमधली फट वाढवली. रिबन नवीन घातली. बाबारावने चाचणीची पावती काढली. सात सात दिसत होता, माथ्यासकट, तिसऱ्या प्रतीवरसुद्धा. मुनीम "पाहू किती दिवस" म्हणत निघून गेला. बाबारावने चहा मागवला.

चहा पिता पिता त्याने टेबलाच्या खणातून एक बाटली काढली. औषधाची जुनी बाटली, तिच्यात कोंबडीचं पीस बुडवलेलं. पीस निथळून त्याने नव्या रिबनीवरून प्रेमाने फिरवलं, मग हेडाच्या नाकावरून. आणि तो रानवट वास माझ्या नाकात शिरला.

सासरी आल्यापासून जे लपवत होते ते त्या क्षणी तोंडातून गेलं. "मामाजी, जवसाचं तेल!"

"कायचं?" मामाजी म्हणाले. त्यांनी नाक पुढे केलं. "मले तं वास येत नाई."

"जवसाचंच हाय," बाबाराव खुश होऊन म्हणाला. "घरचं, घान्यावरचं. रुईनं रिबन सुकते नं जी, अक्षर फिकं येते. म्हनून रोज सकाळ-संध्याकाळ पाजतो. काय हाय, बंडीच्या चाकाले वंगन लागते, शिलाईच्या मशीनले तेल लागते, मंग ह्या बिचाऱ्यानं काय पाप केलं?"

मामाजींनी कप खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "बाबाराव, सुतार दरवाज्याले हेच तेल लावते. काहून लावते?"

"वाळून कडक होते म्हनून."

"हं."

बाबारावचं हसणं थांबलं. हातातल्या पिसाकडे, मग प्रिंटरकडे, मग पुन्हा पिसाकडे त्याने पाहिलं. "अरे माय," तो म्हणाला. "म्हंजे मी त्याले पॉलिश मारून राहिलो होतो?"

तसंच होतं. तेल नाकात जायचं, त्याच्यावर रुई बसायची, दोन्ही मिळून गोंद व्हायचा. आठ पिना कशाबशा मागे यायच्या. सगळ्यात वाकलेल्या दोघींपैकी खालचीला आकडे छापताना कामच नसतं, म्हणून वरची पिन बाहेर राहायची, रिबनीत अडकायची आणि तुटायची. आमच्याकडे हेड आलं की मामाजी ते आधी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवत. मग कसला वास आणि कसला गोंद. काळं दिसायचं ते शाईचं म्हणून पुसलं जायचं. मामाजींनी तिथेच स्पिरिटने नाक पुसून दिलं, रिबन बदलायला लावली आणि बाबारावला सांगितलं, की अक्षर फिकं आलं तर रिबन फेकायची, तिला तेल पाजायचं नाही. बाबारावने बाटली माझ्या हातात दिली. "घेऊन जा वहिनी. माह्या डोळ्यासमोर राहिली तं हात राहनार नाई."

परतीच्या गाडीत मला वाटलं मामाजी हसतील, बोलतील. मूर्तिजापूरला त्यांनी माझ्यासाठी भजी घेतली आणि स्वतः एकही खाल्लं नाही. मला समजेना. मी मनात देवाचे आभार मानत होते, की हात गेला नव्हता, दोष तेलाचा होता, टेबल राहणार. आणि मामाजी मांडीवरच्या रिकाम्या डब्याचं झाकण उघडत मिटत होते.

घरी आल्यावर आत्याबाईंनी दारातच विचारलं. मी सगळं सांगितलं, एरवी कधी बोलले नाही एवढं. त्यांनी कडाकडा बोटं मोडली. "पाहा! मी म्हनत नव्हतो? हाताले काई झालं नाई तुमच्या. त्या येड्या बयाडानं तेल पाजलं! उचलता टेबल?"

मामाजी पाटावर बसले. पाण्याचा पेला उचलला, आणि पाणी बाहेर सांडेल एवढा तो हलला. त्यांनी तो लपवला नाही. आमच्या दोघींच्या समोर तसाच धरून ठेवला.

"तेलाचा दोष होता," ते म्हणाले. "पन हाताचाबी हाय. ह्या वेळची पिन मी नाई बसवली. हिनं बसवली. पहिल्याच खेपेले माहा हात हालला होता, तवापासून मले वाटे का मीच तोडतो."

  आत्याबाईंनी पदराच्या टोकाने फरशीवरचं पाणी टिपलं, पेला मामाजींच्या हातातून घेतला, आणि त्यांच्या ओठांना लावला. माझ्यासमोर. मी मान वळवली.

मग त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईकाच्या समोर बसीन का हे पोरगी? अवाक्षर बोलत नाई ते."

"हेड बोलतीन," मामाजी म्हणाले. "हिले कायले बोला लागते."

"आन भाकरी कोन टाकीन?"

 मी ताटं घेतली. त्या जेवणात काही ठरलं असं मला वाटलं नाही, आणि नेहमीप्रमाणे मी ते वाईटाकडेच धरलं.

सकाळी उठून चुलीपाशी गेले तर परातीत पीठ मळून तयार. आत्याबाई पाय पसरून बसलेल्या, तवा तापलेला, पहिली भाकरी थापून झालेली. मी नेहमीसारखी शेजारी बसायला लागले तशा त्यांनी कोपराने मला मागे सारलं. हात पिठाचे होते म्हणून कोपराने. माझ्याकडे पाहिलंही नाही. पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इथं काय करून राहिली वं? धामनगावचा मानूस येऊन बसला पुढं, डबा घेऊन. जाय, तुह्या कामावर जाय."